भूमिपूजनाआधी भूमिपरीक्षा!

'सह्याद्रीच्या कुशीत आपले हक्काचे घर', 'ढगांच्या गावात स्वतःचा बंगला', 'दरीकडे उघडणारी गच्ची' अशा शब्दांत डोंगरउतारावरील भूखंडांच्या जाहिराती वर्षानुवर्षे आपल्यासमोर येत आहेत. त्यांत हिरवी कुरणे दिसतात, धबधबे दिसतात, झोपाळ्यावर बसलेले सुखी कुटुंब दिसते. या चित्रात एकच गोष्ट कधी दिसत नाही. ते घर ज्या उतारावर उभे राहणार आहे, तो उतार स्वतः उभा राहील की नाही, याची खात्री कोणी केली आहे, हे कोठेही लिहिलेले नसते. ग्राहकही ते विचारत नाही. आणि मग एखाद्या जुलै महिन्यात डोंगर खाली येतो, तेव्हा सारे मिळून एकच शब्द उच्चारतात, 'निसर्गाचा कोप'!

हा शब्द आता बाद केला पाहिजे. कोप अकस्मात होतो, त्याचे कारण सापडत नाही आणि त्याचा दोष कोणाला देता येत नाही. दरड मात्र कारणाशिवाय कोसळत नाही. जुलै 2000 मध्ये मुंबईत घाटकोपर येथे टेकडीचा भाग वस्तीवर कोसळून साठहून अधिक माणसे दगावली. 25 आणि 26 जुलै 2005 रोजी महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव गाडले गेले आणि 151 जणांचा बळी गेला. गाव नाहीसे झाल्याचे बाहेरच्या जगाला कळले तेही नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातीलच तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण त्या मातीतच राहिले. तारखा नीट पाहाव्यात. महिना एकच, पर्वत एकच आणि प्रत्येक वेळी आपले आश्चर्यही तेच! तेवीस वर्षांत ज्याची इतकी उजळणी झाली, त्याला अकस्मात घडलेले म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

डोंगर का खाली येतो?

सह्याद्री हा काळ्या पाषाणाचा अभेद्य पर्वत आहे, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. लाव्हारसाचे थरावर थर साचून हा पर्वत घडला. या थरांमध्ये अनेक ठिकाणी मऊ, लालसर मातकट थर आहेत. शिवाय लक्षावधी वर्षांच्या ऊन-पावसाने वरचा खडक कुजून त्याचा मुरूम आणि माती झाली आहे. म्हणजे आपण ज्याला डोंगर म्हणतो, तो पुष्कळ ठिकाणी घट्ट खडकावर पसरलेली सैल मातीची गोधडी असतो. पावसाचे पाणी ही गोधडी भिजवत खाली मुरते आणि कठीण खडक लागला की तेथे अडते. मग ते खडक आणि माती यांच्या सांध्यावरून उताराच्या दिशेने वाहू लागते. माती जड होते, तिच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि खडकाला धरून ठेवणारी पकड सुटत जाते.

पाण्याचे हे ओझे किती असते? जुलै 2021 च्या त्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलीमीटर पाऊस झाला. हिशेब केला तर एका गुंठ्यावर एका दिवसात सुमारे 60 हजार लिटर, म्हणजे 60 टन पाणी पडले. यातील बरेच वाहून जाते, हे खरे. परंतु जे मुरते त्याचा भार त्या उतारालाच सोसावा लागतो.

अभियांत्रिकीच्या भाषेत उताराचे सारे भवितव्य एका भागाकारात सामावलेले आहे. माती-खडकाला जागेवर धरून ठेवणारे बळ एका बाजूला आणि तिला खाली ओढणारे बळ दुसऱ्या बाजूला. पहिल्याला दुसऱ्याने भागले की जो आकडा येतो, त्याला सुरक्षितता गुणांक म्हणतात. तो 1 वर आला की डोंगर निघाला! म्हणून कायमस्वरूपी बांधकामाच्या उतारासाठी तो साधारणतः 1.5 च्या आसपास असावा, असा अभियंत्यांचा आग्रह असतो. उन्हाळ्यात ज्या उताराचा गुणांक भक्कम असतो, तोच उतार भर पावसात 1 च्या जवळ येऊ शकतो. जागा दाखवायला मात्र विक्रेता हिवाळ्यात नेतो.

आता यात माणसाचा हात कोठे लागतो, ते पाहू. उताराचा पायथा ही त्याची टाच असते. बंगल्याकडे जाणारा रस्ता काढण्यासाठी, सपाट अंगण मिळवण्यासाठी पोकलेन लावून आपण ही टाचच कापतो. कापलेली माती दरीच्या बाजूला लोटून तिचा भराव करतो आणि अर्धे घर कापलेल्या खडकावर, अर्धे घर सैल भरावावर उभारतो. दोन्ही अर्धी सारखी खचत नाहीत. त्यांच्या सांध्यावर भिंतीला तडा जातो आणि गवंडी तो सिमेंटने बुजवून देतो. माथ्यावर पाण्याची टाकी आणि हौशी मंडळींचा पोहण्याचा तलाव येतो. सांडपाण्याचा शोषखड्डा त्याच उतारात खोदला जातो. म्हणजे आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मातीला आपण बारमाही पाणी पाजतो. पाणी वाहून नेणारा जुना ओहोळ प्लॉटच्या मधोमध येतो म्हणून बुजवला जातो. शेवटी हे सारे धरून ठेवण्यासाठी एक दगडी भिंत बांधली जाते. तिला पाणी निचरण्याची छिद्रे ठेवलेली नसली, तर ती भिंत मागच्या पाण्याचा दाब अडवत राहते आणि एके रात्री त्या दाबासह आडवी होते. टाच कापायची, डोक्यावर ओझे ठेवायचे, पाणी आत सोडायचे आणि निचरा बंद करायचा. डोंगर पाडण्याचीच कृती कोणी लिहून मागितली, तर याहून निराळी लिहिता येणार नाही.

जून 2013 मध्ये पुण्याजवळ कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडी येथे डोंगर फोडून पाण्याची वाट बदलल्याचा परिणाम महामार्गावरून जाणाऱ्या एका आईला आणि तिच्या चिमुकलीला भोगावा लागला. त्या दोघींनी तेथे भूखंड घेतला नव्हता. वर फोडणारा एक आणि खाली वाहून जाणारा दुसराच, हा या विषयातील सर्वांत क्रूर भाग आहे. म्हणूनच 'माझी जमीन, माझा पैसा, मी काहीही बांधीन' हा युक्तिवाद डोंगरावर टिकत नाही. तेथे प्रत्येक घर कोणाच्या तरी डोक्यावर आणि कोणाच्या तरी पायाशी असते.

पंचांग पाहतो, मग उतार का नाही?

आपला मध्यमवर्ग घराच्या बाबतीत बेफिकीर आहे, असे कोणी म्हणणार नाही. उलट, इतका चिकित्सक ग्राहक शोधून सापडणार नाही. तो सात-बारा पाहतो, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, जमीन एनए आहे का विचारतो, बँकेच्या वकिलाकडून कागद तपासून घेतो. मुहूर्त काढतो. स्वयंपाकघर आग्नेयेला येते की नाही, यावरून वास्तुविशारदाशी चार दिवस वाद घालतो. फरशीच्या रंगासाठी दहा दुकाने फिरतो. परंतु ज्या मातीवर हा सारा डोलारा उभा राहणार, तिची मूठभर चाचणी करायची म्हटली की त्याला तो वायफळ खर्च वाटतो.

आणि हे आपण परंपरेच्या नावाखाली करतो, याचे अधिक वाईट वाटते. वराहमिहिराची बृहत्संहिता हा सहाव्या शतकातील ग्रंथ. त्यातील वास्तुविद्येच्या प्रकरणात दिशांच्या विचाराबरोबर भूमीची प्रत्यक्ष परीक्षा सांगितली आहे. जागेवर हातभर खड्डा खणावा, निघालेली माती पुन्हा त्यात भरावी. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम आणि कमी पडली तर त्याज्य. तसेच खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे. माती किती घट्ट आहे आणि पाणी किती वेगाने मुरते, हेच या दोन प्रयोगांतून कळते. डोंगरउताराला एवढी परीक्षा पुरेशी नाही, हे उघड आहे. मुद्दा निराळा आहे. आपल्या पूर्वजांनी घर बांधण्याआधी मातीत हात घातला आणि आपण मात्र त्यांच्या शास्त्रातून तेवढाच भाग गाळून बाकीच्याला 'वास्तुशास्त्र' म्हणू लागलो. भूमीची पूजा करायची, पण तिची परीक्षा करायची नाही, ही श्रद्धा नव्हे. हा आळस आहे.

परवानगी म्हणजे सुरक्षितता नव्हे

'परंतु आमच्या प्रकल्पाला सर्व परवानग्या आहेत', हे विक्रेत्याचे हुकमी वाक्य असते. परवानगीचा कागद काय सांगतो, हे समजून घेतले पाहिजे. राज्याच्या 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत 1:5 किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकाम आणि तोडणी-भराई यांवर निर्बंध आहेत. 1:5 म्हणजे पाच मीटर आडवे चालल्यावर एक मीटर चढ, साधारण 11 अंशांचा कोन. नियम आवश्यकच आहे. पण तो कोन मोजतो, मातीची ताकद मोजत नाही. मोठ्या भूखंडाची सरासरी काढली की तीव्र उतारही कागदावर सौम्य होऊन जातो. शिवाय आपला प्लॉट सपाट असून त्याच्या वर तीनशे मीटरचा सैल कडा असेल, तर त्या सपाटीचा उपयोग काय? 30 जुलै 2024 च्या पहाटे केरळमधील वायनाड जिल्ह्यात पुंचिरिमट्टमच्या वरचा डोंगर सुटला आणि दगडमातीचा लोंढा नदीच्या पात्रातून मुंडक्कई, चूरलमला ही गावे तुडवत कितीतरी किलोमीटर खाली गेला. त्यात अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यातील अनेकांची घरे कोसळलेल्या उतारावर नव्हतीच. ती त्याच्या वाटेत होती.

नकाशांचेही तसेच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने 2014 पासून देशभरातील दरडप्रवण क्षेत्रांचे मानचित्रण हाती घेतले. 'भूकोश' या त्यांच्या संकेतस्थळावर हे नकाशे सर्वांसाठी खुले आहेत, आणि ते उघडून पाहणे हे प्रत्येक ग्राहकाचे पहिले काम आहे. मात्र त्यांचे प्रमाण 1:50,000 आहे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. दहा गुंठ्यांचा आपला प्लॉट त्या नकाशावर एक मिलीमीटरही भरत नाही. नकाशाने धोका दाखवला तर तेथे जाऊ नये. नकाशाने धोका दाखवला नाही, तर तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच विधिमंडळात सांगितले.

आणि जेथे इशारा होता, तेथे तरी काय झाले? उत्तराखंडातील जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, तेथे मातीची भारवहनक्षमता तपासल्याशिवाय बांधकाम करू नये, उतारावरचे मोठे दगड हलवू नयेत, असे मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगितले होते. तेथे हॉटेले झाली, मजल्यांवर मजले चढले. जानेवारी 2023 मध्ये घरांच्या भिंती दुभंगल्या आणि शेकडो कुटुंबांना बाहेर पडावे लागले. पश्चिम घाटाबाबत माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. त्यावर अभ्यासापेक्षा आरडाओरडाच अधिक झाला. नंतर संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च 2014 मध्ये आला आणि सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी! बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या प्रशासनासाठीच जन्मली असावी.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, डोंगरावर गावे शतकानुशतके नांदत आली आहेत, मग आजच हा बाऊ कशाला? जुनी घरे उताराच्या कलाने वसली. त्यांची जोती लहान, भिंती हलक्या, आणि ओहोळाची वाट सोडूनच घर बांधण्याची रीत. माणसाच्या हाताने एका हंगामात जेवढी माती हलत असे, तेवढी यंत्र एका दुपारी हलवते. आणि जुने गाव म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. माळीण जुनेच गाव होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाड्या-वस्त्यांवरच्या गरीब माणसाने भूवैज्ञानिक कोठून आणायचा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही स्पष्ट आहे. हौसेने दुसरे घर बांधायला डोंगरावर जाणारा आणि दुसरी जागाच नाही म्हणून डोंगरावर राहणारा, या दोघांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. पहिल्याने स्वतःच्या खर्चाने परीक्षा केलीच पाहिजे. दुसऱ्याची परीक्षा करण्याचे आणि गरज पडल्यास त्याला सुरक्षित जागा देण्याचे दायित्व शासनाचे आहे. ती जागाही पारखलेली हवी. माळीणच्या पुनर्वसित गावाचे एप्रिल 2017 मध्ये थाटात लोकार्पण झाले आणि जूनच्या पहिल्याच पावसात तेथील भराव वाहून गेला, रस्ते खचले. एकदा डोंगराखाली गेलेल्या गावाला दुसऱ्यांदा भीती दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे, अशा अटी घातल्या तर विकास थांबेल. ज्यांना तसे वाटते, त्यांनी हाँगकाँगकडे पाहावे. डोंगरांमध्ये दाटीवाटीने वसलेले ते शहर. 18 जून 1972 या एकाच दिवशी तेथे दोन ठिकाणी दरडी कोसळून 138 माणसे मेली. 1976 मध्ये पुन्हा तसेच घडले. त्यानंतर 1977 मध्ये तेथे उतारांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. मानवनिर्मित उतारांची, आधारभिंतींची नोंद होत गेली. आज अशा सुमारे 60 हजार उतारांची नोंदवही तेथे आहे. त्या शहराचा विकास थांबला, असे कोणी म्हणेल काय? तेथे गगनचुंबी इमारती उभ्याच आहेत, फक्त त्यांच्या मागचा उतार आधी तपासलेला असतो.

मग करायचे काय?

डोंगरावर घर बांधूच नये, असे आमचे म्हणणे नाही. उताराला विचारून बांधावे, एवढेच आहे. जागा एकदा भर पावसात पाहावी. झाडांचे बुंधे बुडाशी वाकलेले आहेत का, विजेचे खांब कलले आहेत का, वरच्या अंगाला चंद्रकोरीसारख्या भेगा आहेत का, पूर्वी नसलेले झरे फुटून गढूळ पाणी येते आहे का, याची पाहणी करावी. आजूबाजूच्या जुन्या माणसांना कोणता ओहोळ कोठून वाहत असे, ते विचारावे. यांपैकी एकही खूण दिसली तर इसार देण्याआधीच थांबावे. खूण दिसली नाही, तरी भूवैज्ञानिक आणि मृदा-अभियंता यांच्याकडून परीक्षा करून घ्यावी. मातीच्या थराची जाडी किती, खाली खडक कोणत्या खोलीवर आणि कोणत्या कलाचा, पावसाळ्यात भूजल कोठवर चढते, ओल्या मातीची पकड किती, आणि या सर्वांवरून भिजलेल्या अवस्थेत सुरक्षितता गुणांक किती, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. परीक्षा प्लॉटच्या कुंपणापाशी थांबता कामा नये, वरचा संपूर्ण उतार त्यात आला पाहिजे. डोंगराळ भागातील जागेची निवड कशी करावी, याची भारतीय मानके 1995 पासून उपलब्ध आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2009 मध्येच दरडींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ज्ञान आहे, माणसे आहेत, नकाशे आहेत. विचारणारा ग्राहक तेवढा नाही.

शासनाकडे आपली मागणी थेट असावी. डोंगरउतारावरील कोणत्याही रेखांकनाला आणि बांधकामाला उतारस्थैर्याच्या अहवालाशिवाय मंजुरी मिळू नये. तो अहवाल तयार करणाऱ्या तज्ज्ञावर त्याची जबाबदारी असावी. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, म्हणजे खालच्या वस्तीलाही कळेल की, तिच्या डोक्यावर काय चालले आहे. आणि परवानगीवाचून डोंगर फोडणाऱ्याला दंड भरून मोकळे न सोडता, उतार पूर्ववत सुरक्षित करण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करावा.

शेवटी एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. दरड कोसळली की मदतीला पहिल्यांदा धावतात ते आपल्यासारखेच तरुण. चिखलात उभे राहून ते मृतदेह बाहेर काढतात, छावण्यांत भाकरी पोहोचवतात. त्या सेवेपुढे मस्तक नमवावे. परंतु हेच हात पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात डोंगराकडे का वळू नयेत? प्रत्येक तालुक्यातील चार-सहा जणांनी, जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन, आपल्या भागातील वाड्यांच्या वरचा उतार एकदा पायाखाली घालावा. भेगा, बुजलेले ओहोळ, कापलेले पायथे यांची नोंद करावी, छायाचित्रे काढावीत आणि ती तहसीलदारांकडे देऊन पोच घ्यावी. यासाठी ना निधी लागतो, ना कोणाची अनुमती. येत्या मे महिन्याची एक सकाळ लागते. ती आजच ठरवून टाकावी.